दुधाच्या कॅनमधलं रक्त

१९३३ चा फेब्रुवारी, शनिवारची दुपार. विस्कॉन्सिन राज्याच्या वायव्य भागात डीअर पार्क नावाचं गाव आहे. तिथला एक शेतकरी हिमवादळातून जवळजवळ ३०० किलोमीटर गाडी चालवत राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला आला. सोबत त्यानं तीन गोष्टी आणल्या होत्या: एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं रक्त आणि पंचेचाळीसेक किलो वाळलेली वैरण. रक्त पातळच होतं, गोठतच नव्हतं. डिसेंबरपासून गोठ्यात एकामागून एक जनावर जात होतं. कुणाच्या मांडीवर रक्ताची गाठ येई, कुणाच्या नाकातून रक्त ठिबके, आणि आता वळूच्या नाकातूनही रक्त यायला लागलं होतं. त्याला गाठायचा होता राज्याचा पशुवैद्य, पण शनिवार असल्यामुळे ते कार्यालय बंद होतं. म्हणून तिथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जे पहिलं दार उघडं दिसलं त्यातून तो आत गेला. ते दार जीवरसायन विभागाचं होतं आणि आत कार्ल पॉल लिंक नावाचे प्राध्यापक काम करत होते.

लिंक यांच्याकडे त्या दिवशी द्यायला फारसं काही नव्हतं. ही वैरण घालणं बंद करा आणि जमलं तर निरोगी जनावराचं रक्त आजारी जनावराला चढवा, एवढंच त्यांना सांगता आलं. मंदीचं वर्ष होतं, दुधाचा भाव कोसळला होता आणि त्याच महिन्यात विस्कॉन्सिनमधले दूध उत्पादक रस्त्यावर उतरून संप करत होते. ज्याच्याकडे दुसरी वैरण नाही त्याला ‘ही वैरण घालू नका’ म्हणायचं, म्हणजे तहानलेल्याला विहीर बुजवायला सांगण्यासारखं. तो शेतकरी अंधार पडायच्या सुमारास परत निघाला.

वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या शोधाची सुरुवात म्हणून ही हकीकत नेहमी सांगितली जाते आणि मग सांगणारे झटकन प्रयोगशाळेत शिरतात. माझं मन मात्र त्या कॅनपाशी अडून राहतं. जनावरं मरताहेत, वादळ सुटलंय, खिशात पैसा नाही आणि अशा वेळी एक माणूस सडक्या वैरणीचा गठ्ठा बांधतो, कॅनमध्ये रक्त भरतो आणि विद्यापीठाकडे निघतो. त्यानं आणलेला नमुना किती नेमका होता, हे बघण्यासारखं आहे. मेलेलं जनावर, त्याच्या शरीरात जे बिघडलं ते, आणि ज्यानं बिघडलं असा संशय आहे ते, तिन्ही एकाच फेरीत. कृषी विद्यापीठात वनस्पतिरोगाच्या विभागात बसलेल्या कुणालाही विचारा, अर्धे नमुने निरुपयोगी का ठरतात. वरची दोन वाळकी पानं तोडून आणलेली असतात, रोग मुळाशी असतो. झाड हिसकून उपटल्यामुळे बारीक मुळं मातीतच राहिलेली असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून वाटेतच सगळं कुजतं आणि मूळ बुरशी कोणती नि मागून आलेली कोणती, हे कळत नाही. झाड मुळासकट खणून काढावं, माती न झटकता कागदात गुंडाळावं आणि शेजारचं एक निरोगी झाडही सोबत आणावं, ही अक्कल सांगून येत नाही. ती गावात मुरावी लागते.

विस्कॉन्सिनमध्ये ती मुरायला पन्नास वर्षं लागली, आणि त्याची सुरुवात दुधाच्या कॅनपासूनच झाली.

१८९० च्या आधी तिथल्या चीज कारखान्यांत आणि लोण्याच्या डेअऱ्यांत दूध वजनावर घेत. ज्यानं सायीचं दूध आणलं आणि ज्यानं रात्रीची साय काढून सकाळी वर दोन तांबे पाणी ओतलं, दोघांच्या हातात सारखाच पैसा. प्रामाणिक माणसाला रोज खोट बसायची. चांगली गाय कुठली नि नुसतीच खाणारी कुठली, हे गोठ्याच्या मालकालाही कळत नसे. विद्यापीठाचे रसायनतज्ज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये जी चाचणी प्रसिद्ध केली, ती कारखान्यातल्या साध्या कामगाराला करता येण्यासारखी होती, आणि तिचं मोठेपण यातच आहे. आधी दूध एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून नीट एकजीव करायचं, कारण साय वर बसलेली असली तर पुढचं सगळं खोटं ठरतं. पिपेटनं १७.६ मिली दूध लांब मानेच्या बाटलीत घ्यायचं, ते वजनानं १८ ग्रॅम भरतं. बाटली तिरकी धरून, फिरवत फिरवत, १७.५ मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड मानेच्या आतल्या कडेनं सोडायचं. मग बाटली हलक्या हातानं घोळवायची. दूध पिवळं पडतं, मग तपकिरी, मग गडद चॉकलेटी, आणि बाटली हाताला चटका बसेल इतकी तापते. ॲसिडनं केसीन हे दुधातलं प्रथिन विरघळतं आणि फॅटचे कण मोकळे होतात. पाच मिनिटं बाटली यंत्रात गरगर फिरवायची, मानेच्या बुडापर्यंत गरम पाणी घालायचं, दोन मिनिटं फिरवायची, परत गरम पाणी घालून फॅट मानेत चढवायची आणि एक मिनिट फिरवायची. मानेत सोनेरी पिवळा स्तंभ उभा राहतो. ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बाटली ठेवून तो खालपासून वरच्या कडेपर्यंत वाचायचा.

मानेवरच्या खुणांमागे एक सुंदर हिशेब आहे. १८ ग्रॅम दुधात १ टक्का फॅट म्हणजे ०.१८ ग्रॅम. गरम फॅटची घनता साधारण ०.९, म्हणजे तिचं आकारमान ०.२ मिली. म्हणून मानेवर दर ०.२ मिलीला १ टक्क्याची खूण केली की झालं. गुणाकार नाही, तराजू नाही, रसायनशास्त्राची पदवी नाही, नुसतं वाचायचं. चूक झाली तर बाटली स्वतःच ती दाखवते. स्तंभाखाली काळे जळके कण दिसले तर ॲसिड जास्त तीव्र होतं किंवा दूध गरम होतं. पांढरा चोथा दिसला तर ॲसिड कमकुवत होतं किंवा दूध फार थंड होतं. मॅडिसनमध्ये असंही सांगतात की ही रीत कळपातल्या सगळ्या गायींच्या दुधाला लागू पडली, एका गायीच्या दुधाला पडेना. वरिष्ठ छापा म्हणत होते, बॅबकॉक यांनी त्या एका गायीसाठी रीत पुन्हा नीट केली आणि मगच छापली. पेटंट त्यांनी घेतलं नाही. ज्याला बाटली बनवायची त्यानं बनवावी, ज्याला चाचणी करायची त्यानं करावी.

आपल्याकडच्या डेअरीवर चालते ती गर्बरची रीत. स्वित्झर्लंडमध्ये ती बॅबकॉकच्या पाठोपाठ आली. तत्त्व तेच, फक्त जोडीला १ मिली अमाइल अल्कोहोल आणि दूध १०.७५ मिली. आता बहुतेक संकलन केंद्रांवर यंत्रं आली आहेत, आकडा पडद्यावर उमटतो, पण पहाटे किटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी प्रश्न तोच असतो, ‘आज फॅट किती लागली?’ ३.५ फॅट नि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) खाली एक घर उतरलं तरी महिन्याचा हिशेब हलतो. तिच्या पासबुकातल्या त्या रकान्याचं मूळ जमिनीच्या बदल्यात उभ्या राहिलेल्या विद्यापीठात आहे, हे मला दर वेळी नव्यानं वाटतं.

जमीन. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१८६२ च्या जुलैमध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, राज्याचे जितके सदस्य, त्या प्रत्येकामागे ३०,००० एकर सरकारी जमीन. ती विकायची, पैसा गुंतवायचा आणि व्याजातून शेतकी नि यंत्रकला शिकवणारं कॉलेज चालवायचं. विस्कॉन्सिनचे सदस्य आठ, म्हणून त्याच्या वाट्याला २,४०,००० एकर आले आणि बहुतेक जमीन एकरी सव्वा डॉलरनं गेली. ही जमीन रिकामी नव्हती. मेनॉमिनी आणि ओजिब्वे लोकांकडून करारांच्या नावाखाली ती घेतली होती, आणि मॅडिसनचा आवार उभा आहे ती होचंक लोकांची भूमी. न्यूयॉर्क राज्याला आपल्या हद्दीत सरकारी जमीनच नव्हती, म्हणून त्याला कागदी हक्क मिळाले. त्या हक्कांवर एझ्रा कॉर्नेल यांनी विस्कॉन्सिनमधलीच सुमारे ५ लाख एकर पाइनची जंगलं निवडली आणि त्यातून दूर इथाकामधलं कॉर्नेल विद्यापीठ उभं राहिलं. एका राज्याचं रान तुटून दुसऱ्या राज्याचं ग्रंथालय भरलं. या विद्यापीठांनी शेतकऱ्यासाठी जे केलं त्याचं मोल मला फार वाटतं, आणि ते ज्या पैशानं झालं त्याचा सलही तितकाच जाणवतो. एकानं दुसरं फिटत नाही.

पैसा मिळाला तरी शेतकरी लगेच आला नाही. पोरगं चार वर्षं कॉलेजात गेलं तर नांगर कोण धरणार? आणि शिकून आलं तर शेतीत राहील का? ही शंका अगदी आपल्या ओळखीची. १८८० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात आलेले प्राध्यापक विल्यम हेन्री यांनी तिच्याशी वाद घातला नाही, वेळापत्रक बदललं. १८८५ मध्ये हिवाळ्यातला अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू झाला. जमीन गोठलेली, काम थंडावलेलं, तेवढे आठवडे यायचं आणि पेरणीआधी घरी. त्याच वर्षी विधिमंडळानं शेतकरी मेळाव्यांसाठी पैसा मंजूर केला. गावात दोन दिवसांचा मेळावा, व्यासपीठावर प्राध्यापकाच्या शेजारी तालुक्यातलाच एखादा हुशार शेतकरी, आणि बोलणं संपल्यावर प्रश्न. प्राध्यापकांना तिथे काय शिकायला मिळालं असेल, याचा अंदाज सायलोच्या गोष्टीवरून येतो. त्या काळात मुरघासासाठी चौकोनी सायलो, म्हणजे चाऱ्याच्या उंच कोठ्या, बांधत. कोपऱ्यात चारा नीट दाबला जात नाही, हवा अडकते आणि कोपरे दर वर्षी सडतात, हे गोठ्यात काम करणाऱ्याला ठाऊकच होतं. विद्यापीठातल्या एफ. एच. किंग यांनी त्यावर गोल सायलोची रचना दिली. भिंतीला कोपराच नाही, चारा स्वतःच्या वजनानं सगळीकडे सारखा बसतो, हवेला जागा राहत नाही. आज अमेरिकेच्या खेड्यांच्या चित्रात जे उंच गोल बुरूज दिसतात ते या सडक्या कोपऱ्यातून आले. आपल्याकडे मुरघासाचा खड्डा भरताना कडा पायानं तुडवून घ्या, असं जे वारंवार बजावतात, त्याचंही कारण हेच.

बॅबकॉक स्वतः फक्त बाटलीवर थांबले नाहीत. रसायनतज्ज्ञ चाऱ्याचं पृथक्करण करून प्रथिनं इतकी, कर्बोदकं इतकी असं सांगत, आणि त्या हिशेबानं सगळे चारे सारखेच ठरत. त्यांना ते पटत नव्हतं. १९०७ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ कालवडींचे चार गट केले: एकाला फक्त मका, एकाला फक्त गहू, एकाला फक्त ओट, एकाला तिन्ही मिसळून. कागदावर चारही आहार सारखे होते. मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत राहिल्या आणि त्यांना पूर्ण दिवसांची धडधाकट वासरं झाली. गव्हावरच्या खंगल्या, आंधळ्या झाल्या, वासरं अपुऱ्या दिवसांची आली नि दगावली. कागदावरच्या आकड्यांत न दिसणारं काहीतरी चाऱ्यात असतं, हे गोठ्यात सिद्ध झालं, आणि पुढे याच विद्यापीठातून अ जीवनसत्त्वाचा शोध लागला. चाऱ्यात न दिसणारं काहीतरी असतं. १९३३ मधली ती वैरण हेच सांगत होती, फक्त उलट्या बाजूनं.

मधल्या काळात विद्यापीठाचे हात लांब होत गेले. अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइज यांचा आग्रह होता की विद्यापीठाचा लाभ राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोचला पाहिजे. १९१२ मध्ये ओनायडा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राज्यातला पहिला काउंटी एजंट, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणारा माणूस, रुजू झाला, तो मोटारसायकलवरून शेतं पालथी घालायचा. १९१४ च्या स्मिथ-लेव्हर कायद्यानं ही व्यवस्था देशभर पक्की केली. पगाराचा वाटा केंद्राचा, राज्याचा आणि काउंटीचा, पण माणूस विद्यापीठाचा. आवारातल्या आकाशवाणी केंद्रावरून हवामान नि बाजारभाव सांगितले जाऊ लागले. माणूस विद्यापीठाचा, यावर माझा भर आहे. बांधावर ऐकलेला प्रश्न त्याच्याबरोबर प्रयोगशाळेपर्यंत जाऊ शकतो, मधे दुसऱ्या खात्याचा उंबरठा येत नाही.

आपली कृषी विद्यापीठं याच साच्यावर घडली. १९६८ मध्ये महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झालं, त्याला साथ पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँड-ग्रँट, म्हणजे मॉरिल कायद्याच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या, विद्यापीठाची होती. १९६९ मध्ये अकोला वेगळं झालं, राहुरी आपल्या जागी राहिलं, १९७२ मध्ये परभणी आणि दापोली आली. शिक्षण, संशोधन, विस्तार ही तिहेरी गाठ त्या साच्यातूनच आली. संकरित ‘फुले त्रिवेणी’ गाय राहुरीची. होल्स्टीनचं दूध, जर्सीची फॅट आणि गीरचा काटकपणा एका गायीत आणायची ती खटपट होती. पण एक टाका वेगळा पडला. गावात जो माणूस पोचतो, तो राज्याच्या कृषी खात्याचा आहे. विद्यापीठ शिफारस करतं, खातं ती खाली पोचवतं. वरून खाली ही वाट चांगली रुळली आहे. खालून वर, बांधावरचा विचित्र, कुठल्याच शिफारशीत न बसणारा प्रश्न घेऊन जाणारी वाट मात्र अरुंद राहिली. कृषी विज्ञान केंद्रांनी ती थोडी रुंद केली. अकोल्याच्या शिवार फेरीत शेतकरी थेट प्रयोगाच्या वाफ्यात उभा राहून शास्त्रज्ञाला अडवतो, तेही फार मोलाचं. तरी माझ्या मते विस्तार या शब्दाचा अर्थ आपण ‘पोचवणं’ एवढाच धरला आहे. विस्कॉन्सिनचा इतिहास वाचताना सतत दिसतं की तिथली मोठी कामं गावातून विद्यापीठात आलेल्या गोष्टींमधून उभी राहिली: पाणी घातलेलं दूध, सडलेला कोपरा, सडलेली वैरण.

त्या वैरणीचंच बघू. ती होती स्वीट क्लोव्हर, मेलिलोटस, हलक्या जमिनीत नि कडाक्याच्या थंडीत तग धरणारं द्विदल. कापल्यावर तिला ताज्या गवताचा गोड वास येतो, तो कुमारिन या द्रव्याचा. अडचण तिच्या काडीत आहे. काडी जाड नि रसाळ, पानं पातळ. पानं वाळून गळायला लागली तरी काडीत ओल असते. पानं वाचवायला घाईनं गंजी रचली की आत ओल कोंडते, गंजी तापते, बुरशी धरते. बुरशी कुमारिनवर काम करते, त्यातून बनलेले दोन तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि डायकुमारॉल तयार होतं. ते के जीवनसत्त्वाचं (व्हिटॅमिन K) काम अडवतं. यकृत रक्त गोठवणारे घटक नीट बनवेनासं होतं, आणि महिनाभर ती वैरण खाल्लेल्या जनावराला शिंग लागल्याचं, खच्चीकरणाचं, साध्या ठेचेचं निमित्त पुरतं. कॅनडातल्या पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी १९२० च्या दशकातच एकाच गंजीतल्या चांगल्या नि बिघडलेल्या काड्या निवडून वेगवेगळ्या सशांना घातल्या होत्या. बिघडलेल्या काड्या खाणारे ससे मेले. म्हणजे ‘काय करू नये’ हे माहीत होतं. आतलं द्रव्य कुणाच्या हाती लागलं नव्हतं. लिंक यांच्याकडे त्या हिवाळ्यात विद्यापीठाचे पीकपैदासकार कमी कुमारिनचं क्लोव्हर शोधायचा विषय घेऊन आलेच होते, म्हणजे दार अगदीच परकं नव्हतं. पण त्या विषयाला कॅनभर रक्ताची जोड त्या शनिवारी मिळाली.

पुढे सहा वर्षं गेली. १९३९ च्या जूनमध्ये लिंक यांचे सहकारी हॅरॉल्ड कॅम्पबेल यांच्या हाती शुद्ध स्फटिक आले, १९४० मध्ये रचना कळली. मग त्याची शंभरावर भावंडं बनवून तपासली. त्यातलं ४२ व्या क्रमांकाचं संयुग १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस खात राहतो, त्यामुळे आमिषाला बिचकत नाही, हे त्याचं बळ. १९५४ पासून तेच माणसांसाठी वापरात आलं. नाव वॉरफरिन, विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रतिष्ठानाच्या आद्याक्षरांवरून (WARF). ते प्रतिष्ठान १९२५ मध्ये ड जीवनसत्त्वाच्या पेटंटांसाठी उभारलेलं. बॅबकॉक यांनी सोडून दिलेलं पेटंट मला जास्त भावतं, पण वॉरफरिनसारख्या पेटंटांच्या पैशातून त्याच आवारात पुढची संशोधनं चालली, हेही खरं आहे. आज आपल्याकडे हृदयाची झडप बदललेला माणूस वॉरफरिन किंवा त्याच कुळातलं ॲसेनोकुमारॉल घेतो, ठरल्या दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासतो, आणि डॉक्टर बजावतात की पालक-मेथी सोडू नका, पण रोज साधारण सारखीच खा. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व एकदम वाढलं की गोळी तोकडी पडते, एकदम घटलं की रक्त जास्तच पातळ होतं. गोळीच्या मात्रेचा हा सगळा तोल म्हणजे त्या गोठ्यात जे बेभान झालं होतं, त्याला घातलेला लगाम.

त्या शनिवारी यातलं काहीच नव्हतं. शेतकरी निघून गेला तेव्हा त्याचा कॅन नि वैरणीचा गठ्ठा तिथेच राहिला. लिंक यांचा एक सहायक ते रक्त पुन्हा पुन्हा हातानं ढवळून बघत होता, कुठे गुठळी होते का. बाहेर अंधार पडला, वादळ थांबलं नव्हतं, रस्त्यावर त्या माणसाची गाडी उत्तरेकडे चालली होती, आणि गोठ्यात घालायला घरी तीच वैरण होती.